सौ. रुख्मिणीचा हंडा

आता सांगा बाई, हंड्यावर अर्धंच नाव टाकून कोनी मागनी घालते का? पन आमच्या नागोरावानं घातली! बोथच्या बाजारात त्याचं भांड्याचं दुकान. भांड्यावर नाव टाकाचे अक्षराले चाराने घे, सख्ख्या मावशीलेई सोडे नाई. पैसा सुटते का मानसाचा?

अन् जीव कोनावर जडला? रुख्मिणीवर! मिरच्या-वांगे विकनारी, पावशेरावर मूठभर उगीच टाकनारी, भिकाऱ्याले आंधी अन् गिऱ्हाइकाले मंग देनारी... दर बाजारी मिरचीच्या पैशातून एक गिलास घे, त्याच्यावर नाव टाकून घे. नागोराव छिन्नी हळूहळू मारे, तेवढाच येळ ते दुकानात बसन म्हनून. पन चाराने? ते मोजून घे! पैसा सुटते का!

एक दिवस आयकलं, तिले नार्नूरचं स्थळ येऊन राह्यलं. घाबरला गडी! दुकानातला सगळ्यात मोठा पितळी हंडा काढला, नाव टाकलं, तिच्यापुढं ठेवला. "घे वो. अक्षराचे पैसे नोको."

तुमाले सांगते, बाजार थांबला! बाजूची कुसुमबाई म्हने, "नागोराव, ताप-गीप आला का जी?"

रुख्मिणी शाळा नाई शिकली, पन आपलं नाव वळखे. "माह्या नावाच्या आंधी हे काय लिवलं?"

"सौ."

"कोनाची सौ.? पुढं तं कोरंच हाये!"

नागोराव छिन्नी पुसाले लागला... अवो, तिनं नाई म्हटलं तं दुसऱ्या एखाद्या रुख्मिणीले इकता आला पायजे ना हंडा!

तिनं वळखलंच. "असं हाये काय? टाका तुमचं नाव. माह्यासमोर. आत्ताच!"

आता टाकलं, अन् रुख्मिणी नाई म्हने तं? जलमभर कोन घेईन तो हंडा? पन टाकलं हो! टक टक टक, 'नागोराव', चारई अक्षरं!

"आता पाहीन," म्हने, अन् टोपली उचलून गेली!

आठ दिवस हंडा त्याच्याकडं पाहे, अन् तो हंड्याकडं. घास उतरे नाई. हंड्यासाठी का तिच्यासाठी? त्याले तरी कुठं समजे!

पुढच्या बाजारी आली. हंडा वाजवून पाह्यला. "केवढ्याले?"

"तीनशे."

"दीडशे देईन. दोघाईचं नाव टाकलेला हंडा माह्याशिवाय दुसरं कोन घेते?"

नागोराव आपल्याच नावाकडं पाह्यत राह्यला. खरंच, दुसरं कोन घेते... दिला!

काय करता बाई? हंडा अर्ध्यात गेला, अन् मानूस फुकटात!