गळ्यातली काळी दोरी

—नाय हो दादा, पडला-बिडला नाय, शपथ घेते. शेणव्यावरनं इथं शहापुरापर्यंत मांडीवर घेऊन आली मी ह्या कॉम्प्युटरला, कंडक्टर बोलला मावशी खाली ठेव, मी नाय ठेवला. आन बिघाड म्हणावा तर बिघाड बी नाय – बटण दाबलं का बत्ती लागते, आतला पंखा घुरघुरतो, सगळं बरोबर – आन मग काळाठिक्कर व्हतो आन ती पांढरी ओळ येते. रोज तीच ओळ. सकाळी देवाला दिवा लावते, मग ह्याचं बटण दाबते, आन ती ओळ बघून परत बंद करते. मला कुठं वाचता येतं इंग्रजी? पण आता तोंडओळख झालीय तिची. काय लिवलंय हो तिच्यात? ... सुरू कुठनं व्हायचं ते सापडत नाय? अगो बाई. आपल्याच घरात आन वाट सापडत नाय व्हय त्याला?

आसं, आसं. म्हंजे जागा झाल्यावर पयलं कुठं बघायचं, तिथं नाय मिळालं तर मग कुठं बघायचं, ह्याचा क्रम लावलेला असतो आत. मग कळलं मला, कळलं! आमच्यात बी तसंच की. मी धवळारीण हाय ना, लग्नात धवळे गाते – पयला मान गावदेवाचा, मग कुळाच्या देवाचा, मग मांडवाचा. गावदेवाला बोलावल्याबिगर मी पुढचं तोंडातनं काढायची नाय, वरमाय किती घाई करंना. तर ह्याचा गावदेव कोण म्हणायचा? ... त्यानंच लावलाय क्रम? भाविकनं? लावला असंल. माझा पोरगा तो. ठाण्याला कंपनीत हेच काम करायचा, मोठमोठी मशिनं चालू ठेवायची. घरचा हा बी साधा नाय बोलायचा, लिनक्स का काय हाय ह्याच्यात. तुमी बोलताय तसा तो क्रम फिरवा, आतली डिस्क पयली घ्या बघू. बघा, बघा, मी गप बसते.

गप कसली बसते! दादा, खरं सांगू का, मला ह्यातलं दुसरं काय बी नको. कंपनीचं असंल, फोटो असतील, ते गेलं तरी जाऊ द्या. फक्त धवळे. गेल्या वर्षी भातं झोडून झाल्यावर मागंच लागला – आये, तुझे सगळे धवळे ह्याच्यात भरून ठेवू. मी बोलली कशाला रे येड्या, मी काय मरायला टेकलीय? तर बोलतो कसा – माझ्या लग्नात तू गायचं नाय, तू वरमाय हायस, नवं लुगडं नेसून मांडवात बसायचं, आन गायला हा मशीन हाय. मेल्यानं टोकावड्याची पोरगी बी बघून ठेवलेली, मला मागनं कळलं. तो आत जाऊन मशीन चालू करून यायचा, मग रोज संध्याकाळी बसायचो ओट्यावर. आता तुमी म्हणाल, म्हातारीला स्वतःचाच आवाज ऐकायचाय. थू, माझा आवाज काय करायचाय मला? तो गेल्यापासनं गाणं सोडलं मी. नाय निघत आता. मधी मधी तो बोलतो ना त्याच्यात! – आये, परत घे. आये, थांब गो, कोंबडा आरडला. आन हसतो. तेवढंच हाय त्याचं. माझा फोन बटणाचा, ह्यांचा बी बटणाचा, आवाज म्हणून दुसरीकडं कुठंच नाय. मी रडत नाय हो, डोळ्याला पाणी येतंच आता, येऊ दे.

काय झालं? परत तीच ओळ? बघा, मी बोलली ना, ओळखते तिला.

कसा गेला? हायवेला. बाईकवर घरीच येत व्हता, गटारीला. दवाखान्यातनं पिशवीत घालून दिलं त्याच्या अंगावरचं – घड्याळ, पाकीट, करदोडा, आन ती गळ्यातली काळी दोरी. घड्याळ ठेवलं, त्याचे बाबा बांधतात. बाकी नदीवर, दहाव्याला. गेलेल्याच्या अंगाला लागलेलं घरात ठेवू नये, आमच्यात नाय ठेवत, जीव घुटमळतो त्याचा. तर ह्यांनी काय केलं, ती दोरी मुठीत दाबून धरली – राहू दे गो, एवढी राहू दे. पोरासारखे रडायला लागले सगळ्या भावकीपुढं. मीच मन घट्ट केलं. बोटं सोडवली एकेक आन दिली पाण्यात. ताईत व्हता तो त्याचा, ताईत तर मुळीच ठेवू नये. आमच्यापुढं कधी आंघोळीबिगर काढायचा नाय गळ्यातनं. मी इचारलं व्हतं एकदा, हे काळं काय रे लोंबतंय? तर हसून बोलला, माझा ताईत हाय आये, ह्याच्याबिगर माझं काय चालत नाय.

हां, करा करा, दुसरं काय लावायचं ते लावून बघा. काय शोधताय खणात?

... हे काय हो? हे जे खुपसलंत आता, काळं, बोटाएवढं. पेनड्राइव्ह. ह्याच्यावरनं पण सुरू व्हतो मशीन? ... तुमी बोलताय पण मला जरा – थांबा. हे काढा बघू. हातात द्या माझ्या.

ह्याला भोक हाय. दोरी ओवायला.

नाय, तुमी आधी हे सांगा, त्याचा आतला डिस्कचा डबा दिसतोय ना तुमाला? दिसतोय पण कुलूप हाय. आन कुलपाची चावी तो ठेवायचा ती – बोला ना. अशाच पेनड्राइव्हात? ... दुसरी चावी बनवा की मग! लोखंडाच्या कपाटाची बनवतात, ह्याची नाय बनत? अजिबात नाय? ठाण्याच्या मोठ्या इंजिनियरकडनं बी नाय?

माझ्याच हातानं, दादा. एकेक बोट सोडवलं हो मी त्यांचं.

पंखा बंद करा तो. ऐकवत नाय मला. आन ती तुमची वस्तू खणात टाका पयली, आत सरकवा – त्याचे बाबा येतायत बघा चहा घेऊन, त्यांना दिसली तर लगेच ओळखतील. त्यांना सांगायचं जळला. पाणी गेलं आत, उंदरानं खाल्लं, कायपण सांगा, हे नाय सांगायचं. पाया पडते.

अहो, आणलात? ह्यांना द्या. मला नको. नाय हो, नाय व्हत तो. आतनं जळलाय, दादा बोलतात. उचला, चला, शेणव्याची गाडी लागली असंल.