तिसऱ्या भाकरीचा न्याय

लोकरूढींचा अभ्यासक मी. पण त्यांचा खरा उपयोग आमच्या सौभाग्यवतीने केला, तो ऐकाच. पाथर्डीत आम्ही दोघे मुलींच्या वसतिगृहाचे पालक होतो. अकरावीतल्या सखूला शाळा सोडवून ऊसतोडीला न्यायला तिचे वडील आले. मी शिक्षणाचे महत्त्व विशद करीत राहिलो. ते शांतपणे जेवत राहिले.

हिने विचारले, "भाऊ, लेकीच्या सासरी जेवता का हो?"

"छ्या! पानी बी घेत न्हाई."

"इथं तीन भाकरी खाल्ल्यात. म्हणजे हे तिचं माहेर ठरलं. माहेरातून लेक कधी धाडायची, ते आई ठरवते, आणि इथली आई मी. परीक्षेनंतर या."

ते खळखळून हसले. "हरलो, बाई! ऱ्हाऊ द्या पोरगी."

दाराआड उभी असलेली सखू चौथी भाकरी घेऊन धावतच आली.