क्लोव्हर ठेवायचं, फुलं नाहीत

सन्माननीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले मोजणीवाले काका आणि काकू, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांनी मला काकांच्या सामाजिक कार्यावर बोलायला सांगितलं आहे. ते मला जमणार नाही. आमची मधली भिंत एक आणि पुढचं लॉनही एक, त्यामुळे मला त्यांचं गवतच जास्त ठाऊक. चालेल ना?

आपल्या कॉलनीत दोन घरांच्या लॉनमध्ये कुंपण घालत नाहीत. जो तो आपल्या अर्ध्यापर्यंत कापतो. काका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे हद्द त्यांच्या डोळ्यांतच. आमच्या बाजूचं एक पातंही त्यांच्या गवत कापायच्या यंत्राखाली कधी आलं नाही.

मग एका उन्हाळ्यात आमच्या अर्ध्यात क्लोव्हर नावाचं तण उगवलं. तीन-तीन पानांचं, जमिनीलगत पसरणारं, पांढऱ्या गोंड्यासारख्या फुलांचं. काका म्हणाले, "उपटून टाक. आज तुझ्याकडे आहे, उद्या माझ्याकडे येईल."

मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. संधी सोडते कशाला? पाणी कमी लागतं, गवत वाळलं तरी हे हिरवं राहतं, मातीला नत्र मिळतं, मधमाश्या येतात, असं सगळं ऐकवलं. काका म्हणाले, "तेच तर."

मला वाटलं, पटलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही गावाला जाऊन परतलो, तर आमचा अर्धा भाग पार पायरीपर्यंत कापलेला.

"काका, हे काय?"

"कापलेल्या गवताचे पट्टे वाकडे दिसत होते."

"माझ्या अर्ध्यातले?"

"बघणाऱ्याला कुठे हद्द असते?"

उभा जन्म हद्दी आखण्यात घालवलेला माणूस हे म्हणतोय! आमचे हे म्हणाले, "कोर्टात जायचंय की त्यांच्याकडे चहाला?" मी दोन्हीकडे गेले नाही. मधोमध सुतळी बांधली. काकांनी सुतळी अदबीनं ओलांडली आणि नव्यानं आलेली फुलं कापली. बोलणं बंद झालं.

यापुढचं सांगायला काकूंची परवानगी घेतली आहे. काकांची घेतलेली नाही.

काकू आल्या आणि पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "अगं, पट्ट्यांचं निमित्त आहे. साखरेनं माझ्या तळपायांची जाणीव गेली. मागे एकदा मोजा चढेना म्हणून पाहिलं, तर पाय सुजलेला. मधमाशी कधी चावली, पत्ता नाही."

"मग चपला घाला ना, काकू!"

"सकाळी गवतावर अनवाणी चालले नाही, तर मला दिवस सुरू झाल्यासारखाच वाटत नाही. चालताना तुझं-माझं लक्षात राहत नाही. डॉक्टर रागावतात, मुलगी रागावते. हे एकटे रागावत नाहीत. हे फुलं कापतात."

मी सुतळी सोडली. पण क्लोव्हर उपटलं नाही. ठरलं ते असं: पानं राहतील, फुलं राहणार नाहीत. फूल दिसलं की ज्याला दिसेल त्यानं कापायचं, अर्धा कुणाचाही असो. काका अजूनही "तण ते तणच" म्हणतात, आणि मी अजूनही नत्राबद्दल बोलते.

आम्ही बरोबर केलं का? डॉक्टरांनी मना केलेल्या गोष्टीची सोय करून देणं ही माया की बेजबाबदारपणा? मी हे पुष्कळदा लिहून, खोडून पाहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. गवतावर चालताना काकूंचा खुललेला चेहरा रोज सकाळी दिसायचा, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येतं.

उद्या दोघं मुलीकडे राहायला निघतील. तिथे चौथा मजला आहे, आणि खाली सगळी फरशी. काकू, गाडी यायच्या आधी एकदा चालून घ्या. पूर्ण लॉनवर, आमच्याही अर्ध्यात. दुपारी मी सगळी फुलं कापली आहेत. माझ्यामागून काकांनी गुडघ्यांवर बसून तपासलं. इथे यायला त्यांना उशीर झाला तो त्यामुळेच.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही राहून गेलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. कापण्यात राहिलं असेल तर मात्र, काका, आत्ताच सांगा. अजून उजेड आहे.