गाळातून वर आलेलं पदक

जुन्या नाण्यांपायी मी लोकांची रानं तुडवत हिंडतो म्हणून हसता ना, मग हे ऐका. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. गारगोटीजवळ नांगरलेल्या रानात नाण्याऐवजी दुसऱ्या महायुद्धातलं पदक घावलं. कडेला इंग्रजीत नाव कोरलेलं. गावात विचारत विचारत घर गाठलं. दारात म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"आज्जी, हे तुमच्या मालकांचं पदक. तुमच्याच रानात घावलं."

तिनं नुसती नजर टाकली. "म्याच हिरीत टाकल्यालं त्ये. माणूस लढाईवर गेला, माघारी पोस्टातनं ह्यो बिल्ला आला."

"मग रानात कसं आलं?"

"औंदा पुतण्यानं हिरीतला गाळ काढून रानात पसरला न्हवं! आता जरा लांब नेऊन टाका, पावणं."

वाद कशाला घाला? पदक खिशात टाकून मी उठलो.

"पर आमचं घर कसं घावलं तुमास्नी?"

"मालकांचं नाव कोरलंय की ह्याच्यावर."

शेंगा फोडणारा हात थांबला. "नाव हाय व्हय त्येच्यावर?"

मी वाचून दाखवलं.

म्हातारीनं हात पुढं केला. "आना हिकडं."