अक्काचा ताईत

हसू नका, पण ताईतावर माझा पक्का विश्वास आहे. माझ्या भाच्याने, सुहासने, दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे माझ्या अक्काने, दर्ग्यातून ताईत आणून आरशाला बांधला. परवा कोठीच्या बाजारात जायला मी त्याच्या शेजारी बसलो, तर रिंग रोडवर गाडी नुसती उडत होती.

"अरे, हळू!"

"मामा, टेन्शन नक्को. ताईत है ना!"

मी गपचूप ताईत सोडून खिशात टाकला. सुहासने करकचून ब्रेक दाबला. "मामा, तो परत बांधा!"

"आज मला लागतोय."

तिथून कोठीपर्यंत ऑटोवालेसुद्धा आम्हाला मागे टाकून गेले.

काल अक्काचा फोन. "बाळ्या, ताईत परत कर. पोरगा चाळीसच्या वर जातच नाही."

म्हटलं, "अक्का, म्हणजे ताईत लागू पडलाय. फक्त तो माझ्या कपाटात असू दे."