एकशे चार

(कल्याणजवळच्या मोहने गावातल्या चाळीची खोली. दुपार. आठ वर्षांची मालू तापाने खाटेवर, उशाशी तिचे आईबाप.)

सगुणा : थर्मामीटर काय खिशात घेऊन हिंडायची वस्तू आहे? ताप पोरीला, आणि पारा तुमच्या विड्यांच्या बंडलाशेजारी.

गोपीनाथ : फुटेल म्हणून ठेवलं गं. थांब, कपाळावर घडी नको ठेवूस. आधी बघू दे.

सगुणा : बघा. किती?

गोपीनाथ : एकशे तीन. तीनच आहे अजून.

सगुणा : सकाळी दोन होता. चढलाय, आणि तुम्हाला कमी वाटतोय?

गोपीनाथ : तसं नाही. परवा एकशे दोन, मी मटक्याला दोन लावला, दोन फुटला. काल तीन लावला, तीन फुटला. चिठ्ठ्या घेणारा काळुराम म्हणतो, गोप्या, पोरीला जप, लक्ष्मी झोपलीय तुझ्या खाटेवर.

सगुणा : त्याच्या तोंडाला आग लागो. डॉक्टर काय म्हणालेत? दुपारपर्यंत उतरला नाही तर कल्याणला ॲडमिट करा. रिक्षा आणा.

गोपीनाथ : चार वाजता आकडा फुटतो. तेवढा कळला की निघूच.

सगुणा : आज काय लावलंत?

गोपीनाथ : चार.

सगुणा : ताप तर तीन आहे.

गोपीनाथ : चढत होता ना. मला वाटलं, दुपारपर्यंत... काल मोसंबी बघून तूपण हसलीस. वर्कशॉपला टाळं लागल्यापासून पहिल्यांदा फळ आलं घरात.

सगुणा : हसले. पोरगी खाईना म्हणून मीच खाल्ली, ती अजून घशाशी येतेय. मालू, घोटभर पाणी घे बाळा. मी नळावर गेलेले तेव्हा बाबांनी गोळी दिली ना?

मालू : बाबा म्हणाले, नंतर देतो.

सगुणा : अहो, खिसा दाखवा. तो नाही, दुसरा.

गोपीनाथ : विसरलो गं.

सगुणा : चिठ्ठी नाही विसरलात. मटक्याच्या चिठ्ठीतच गुंडाळलीय गोळी.

गोपीनाथ : दे, मी देतो तिला.

सगुणा : तिला मी देईन. तुम्ही रिक्षा आणा. पण आधी माझ्याकडे बघून सांगा, खरंच विसरलात?

गोपीनाथ : नाही... उतरू नये असं वाटलं मला. चार वाजेपर्यंतच.