चारशे बारा पानं

भवानी : थांबा, दिनकरराव. पान एकतीस पुन्हा वाचतें. "शुक्रवारी जेवणानंतर राघोत्तम साहेब सगळ्या मेलना न वाचता ओके देतात." हें तुम्हीच लिहिलें अहे?

दिनकर : लिहिलंय. खोटं काय आहे त्यात?

भवानी : खोटें असतें तर कंपनीस बरें झालें असतें.

दिनकर : मॅडम, मी कुणा माणसाला नाही सांगितलं. 'सोबती'ला सांगितलं. एआय आहे ते. फुकट मिळतं.

भवानी : आतां सगळ्यांसच फुकट मिळालें. त्या सोबतीवाल्यांचा सर्व्हर फुटला. तुमचें बोलणें चोरांच्या हातीं लागलें. त्यांनीं दुसऱ्या एआयकडून राघोत्तम साहेबांच्या नावाची मेल लिहवून घेतली, शुक्रवारीं जेवणानंतर धाडली. आणि आमच्या श्रीवत्सनें नव्या गाडीच्या दरवाजाचीं सगळीं ड्रॉइंगें पाठवून दिलीं.

दिनकर : श्रीवत्सनं? अख्ख्या डिझाइनमधला सगळ्यात सावध माणूस तो. पेन दिलं तरी सही मागतो.

भवानी : मेलींत त्याच्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी होती.

दिनकर : राघोत्तम साहेबांकडून? त्यांनी आजवर कुणाला जेवलास का म्हणून विचारलेलं नाही. तिथंच ओळखायला हवं होतं.

भवानी : तो म्हणतो, डोळ्यांत पाणी आलें. तरी नियम म्हणून खात्रीचा फोन केला. मेलींत दिलेल्या नंबरावर.

दिनकर : मग? उचलला कुणी?

भवानी : राघोत्तम साहेबांच्या आवाजानें. यंत्रावर बनवलेला. "सेरी, सेरी, बरें बरें, पाठव" म्हणाला. आयुधपूजेचें त्यांचें भाषण कंपनीनेंच इंटरनेटवर ठेवलें अहे ना, तेवढें पुरलें. आईच्या डोळ्यांचें मात्र तुमच्याकडचें. पान सत्तर.

दिनकर : कँटीनमध्ये ऐकलं होतं. माझ्याच टेबलावर बसले होते सगळे, तमिळमधून चाललं होतं. अर्धं कळलं, उरलेलं सोबतीला विचारलं. आपण काय गप्पा मारतोय ते माणसाला कळायला नको?

भवानी : तुम्ही मारत होतां का गप्पा?

दिनकर : टेबल एकच होतं.

(भवानी पान सत्तरवर खूण करते.)

दिनकर : पण ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर लिहायचो मी. कंपनीनं ते पहाऱ्याचं सॉफ्टवेअर बसवलंय ना? त्यानं कधी अडवलं नाही.

भवानी : त्यास इंग्रजी येतें, तमिळ येतें. मराठी कोणी शिकवलीच नाही. दोन वर्षें तुम्ही त्याच्या नाकासमोरून गेलांत, त्यास पत्ता नाही.

दिनकर : त्याचं एकट्याचं नाही तसं. इथं पुष्कळांच्या नाकासमोरून जातो मी.

भवानी : म्हणून मज नुंगंबाक्कमच्या हेड ऑफिसांतून इथें श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत धाडलें. सुरक्षा विभागांत मराठी घरची मी एकटी. माझी तंजावरची मराठी अन् तुमची मराठी एकच का, हें कोणी विचारलेंही नाही.

दिनकर : कळलं तुम्हाला सगळं?

भवानी : मोठ्यानें वाचलें म्हणजे कळतें. अप्पा गेल्यापासून घरीं तमिळच. पांच दिवस खोली बंद करून मीच वाचतें, मीच ऐकतें. चारशें बारा पानें. कालपासून जरा पुरवून पुरवून वाचत होतें.

दिनकर : का?

भवानी : संपत आलीं होतीं. असो. आतां कामाचें. समितीचें मत, तुम्ही मुद्दाम फोडलें. तसें ठरलें तर नोकरी जाते, वर पोलीस. निष्काळजीपणा ठरला तर ताकीद देऊन गुम्मिडिपूंडीच्या गोडाउनला बदली.

दिनकर : मुद्दाम फोडायचं असतं तर मराठीत कशाला फोडलं असतं?

भवानी : ते म्हणतात, मराठींत लिहिलें तेंच मुद्दाम. तुमच्या कामाचीं तेवढीं पानें काढून मी इंग्रजी केलें. बावीस पानें झालीं. तीं वाचलीं तर तुम्ही अगदीं हेर दिसतां. कोण रजेवर, कोण न वाचतां सही करतो, कोणाची आई आजारी.

दिनकर : आणि बाकीची पानं?

भवानी : तीनशें नव्वद. त्यांत हेर दिसत नाहीं.

दिनकर : मग काय दिसतं?

(भवानी पानं उलटते.)

भवानी : दोनशें चार. "आज पिठलं उरलं. दोघांपुरतं करायची सवय जात नाही." दोनशें पांच, तुमच्या बायकोचें. "कल्पनाचा रविवारी फोन येतो. सव्वाचार मिनिटं. मी घड्याळ बघत नाही, फोनच सांगतो." दोनशें नऊ. त्या यंत्रास विचारतां, "कंटाळलास का माझं ऐकून?"

दिनकर : पुरे.

भवानी : हीं पानें दाखवलीं तर तुम्ही वांचतां.

दिनकर : मग नका दाखवू.

भवानी : अय्यो, नोकरी जाईल!

दिनकर : जाऊ दे. कंपनीच्या बसमध्ये माझ्याबरोबर चाळीस माणसं असतात. नऊ वर्षं त्यांना वाटतंय, हा माणूस गंभीर स्वभावाचा आहे. फार कष्टानं कमावलंय ते.

भवानी : आणि चोर म्हटलेलें चालेल?

दिनकर : चोराची निदान टोळी असते.

भवानी : जाल कुठें मग? पुण्याला?

दिनकर : कल्पनाला विचारावं लागेल. माझ्या खोलीत तिनं शिवणाचं मशीन टाकलंय.

भवानी : ऐका माझें. पोलीस आले तर तींच पानें तेही वाचणार. त्यांस मराठी येत नाहीं. सोबतीसारख्याच एखाद्या फुकटच्या यंत्रांत घालून वाचतील. मग तें फुटेल. त्यापरीस मी वाचतें.

दिनकर : वाचता म्हणजे? तोंडी?

भवानी : होय. कागद खोलीबाहेर द्यायचे नाहींत, हा नवा नियम. गुरुवारीं अकरा वाजतां समितीसमोर. आधीं मराठी ओळ, मग तिचें इंग्रजी. तुम्हीही असायचें.

दिनकर : किती जण असतात?

भवानी : राघोत्तम साहेब धरून सात.

दिनकर : वेळ किती लागतो?

भवानी : दोन तास तरी.

दिनकर : दोन तास फोन बघत बसतील.

भवानी : फोन बाहेर टोपलींत ठेवायचे.

दिनकर : सात माणसं. दोन तास.

भवानी : होय.

दिनकर : मधेच उठून नाही ना जात कुणी?

भवानी : दार लावून घेतात.

दिनकर : मग वाचा.